लार्चमिल ओढ्यावरची मोरी

सोमवार, १४ जुलै २०२५

आज सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी माझी मोरी उखडली.

सिस्टर बर्नाडेट नाशिकच्या शाळेत सांगायच्या, तक्रार लिहायची तर आधी तारीख आणि वेळ, मग काय घडलं, मग आपल्याला काय हवं. विशेषणांना जागा उरली तर शेवटी. विमा कंपनीच्या तक्रार विभागात मी पूर्ण नोकरी याच शिस्तीवर काढली. म्हणून आजही नीट लिहिते.

इथे अमेरिकेत माझ्या मुलाच्या, शैलेंद्रच्या घरामागे उतार आहे, उताराच्या पायथ्याशी लार्चमिल ओढा. ओढ्यात लोखंडी पाइपाची जुनी मोरी होती. पाइपावर माती, मातीवर पायवाट. त्या वाटेने पलीकडे गेलं की लायब्ररी, बसचा थांबा, एक बाकडं, आणि बाकड्यावर नागपूरच्या सरलाबाई. पुढच्या दाराने निघावं तर वळणाचा रस्ता, फुटपाथ नाही, आणि गाड्या अशा येतात की जणू खाली कुणी प्राण सोडतंय. गाडी मला चालवता येत नाही आणि एकाहत्तराव्या वर्षी शिकणारही नाही. म्हणजे या घरातून माझ्या पायांनी बाहेर पडायची वाट एकच होती, ती पिवळ्या यंत्राने दातात धरून वर उचलली. नारिंगी जाकिटातला माणूस म्हणाला, “गुड मॉर्निंग, मॅम!” त्याच्या डोक्यावर माझी मोरी लोंबकळत होती आणि हा गुड मॉर्निंग म्हणतो.

मी विचारलं, “बाय हूज अथॉरिटी?” त्याने पाटीकडे बोट केलं. सॅमन माशांना अंडी घालायला ओढ्यात वर जाता यावं, म्हणून ओढा पूर्वीसारखा करणार आहेत. पाइपाचं तोंड पाण्याच्या वर होतं, माशांची उडी तिथे पोचत नव्हती म्हणे.

म्हणजे मासे.

शैलेंद्र घरूनच काम करत होता. म्हणाला, “आई, नोटीस आली होती ना.”

“कुणाला?”

“घराला.”

“घर वाचतं का?”

त्याने कॉफीचा कप उचलला आणि मीटिंगला वर निघून गेला.

गुरुवार, १७ जुलै

काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, ऑफिसला तक्रार पाठवली, दोन पानी, एकही विशेषण नाही. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, तुमचं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. हे वाक्य मी स्वतः शेकडो लोकांना पाठवलेलं आहे. त्याचा अर्थ मला सांगू नका.

नेत्रा, म्हणजे सूनबाई, म्हणाली, “आई, तुम्हाला सरलामावशींकडे जायचंय ना? शनिवारी शैलेंद्र ड्रॉप करेल, मी पिकअप करेन.”

कुरिअरसारखी. फक्त सही घ्यायची राहिली.

ती वाईट मुलगी नाही. पण आपल्या मनाला आलं की चप्पल घालून निघणं आणि शनिवारी अकराला कुणीतरी सोडणं, यातला फरक तिला कळत नाही. तिच्याकडे गाडीची किल्ली आहे.

रविवार, ३ ऑगस्ट

ट्रकने गोटे आले. अंड्याएवढे, लिंबाएवढे, मुठीएवढे, सगळे स्वच्छ. मी उतारावर खुर्ची टाकून बसले होते, साक्षीदार म्हणून. पाण्यात उंच रबरी बूट घातलेली एक मुलगी काठी घेऊन मोजमाप करत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, “काकू, तुम्ही मराठी का?”

“तुला कसं कळलं?”

“मघाशी त्या ड्रायव्हरला जे म्हणालात त्यावरून.”

नाव अंतरा, अमरावतीची. इथल्या विद्यापीठात पीएचडी करते आणि या ओढ्यातले मासे मोजते. मी म्हटलं, “एवढं शिकून गोटे धुतेस होय?”

“मी नाही धूत, काकू. धुऊनच येतात. कपभर गाळ आला तरी आमच्या मॅडम ओरडतात.”

“नाशिकला आमच्या सोसायटीत प्यायच्या पाण्याचीसुद्धा एवढी चौकशी होत नव्हती.”

हसली. मला आवडली, पण हे तिला सांगण्याचं कारण नाही. ती त्यांच्यातली आहे. मोरीऐवजी मी काय उडत जायचं का, असं विचारलं तेव्हा म्हणाली, “ड्रॉइंगमध्ये छोटा पूल होता ना, माणसांसाठी. नंतर काढला वाटतं. ते माझ्याकडे नसतं, काकू.”

पूल होता!

मंगळवार, ५ ऑगस्ट

ऑफिसला फोन. एक तास संगीत ऐकलं. शेवटी एक बाई सापडली, आवाजावरून बरी वाटली. तिने सांगितलं, पुलाचा एक पाय ज्यांच्या जागेत येणार होता त्या मालकांनी नकार दिला. नाव सांगता येत नाही, तो त्यांचा खाजगी मामला.

नाव सांगायची गरजच नाही. पलीकडच्या काठावर लिंडक्विस्ट म्हणून एक म्हातारा राहतो. कुत्रा, दारात झेंडा, पाटीवर लिहिलेलं आहे, आत येऊ नये. वर्षभर रोज हात करायचा. आता कळलं हात कशासाठी.

जेवताना सांगितलं. शैलेंद्र म्हणाला, “आई, जाऊ दे ना. नको त्या बिचाऱ्याच्या मागे लागूस.”

“बिचारा? सहा फूट जागेसाठी!”

“मला अजून एक पोळी वाढ,” म्हणाला. ताटातली अर्धी तशीच होती.

शनिवार, १६ ऑगस्ट

लिंडक्विस्टने झाडाची प्लम पिशवी भरून पाठवली, माझ्या नातीच्या, रुहीच्या हाती. ती बारावीत आहे, एरवी तिची शाळेची बस त्याच्या दारावरून जाते, तेव्हापासूनची ओळख. मी पिशवी परत पाठवली.

“आजी, ही इज जस्ट अ नाइस ओल्ड गाय.”

“नाइस माणसं पूल अडवत नाहीत.”

“यू डोंट नो दॅट इट वॉज हिम.”

“मग कोण?”

रुही फोनमध्ये बघायला लागली. या पिढीला कुठलीच चर्चा शेवटापर्यंत नेता येत नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

ओढ्याच्या दोन्ही बाजूंना जाळीचं कुंपण घातलं. पाटी: माशांचं प्रजननस्थळ, आत जाण्यास मनाई. मागच्या दाराला शैलेंद्रने कॅमेरा बसवला. अस्वलं येतात म्हणाला. मी इथे दोन वर्षं आहे, अस्वल आलेलं नाही. दार उघडलं की आता घरभर टुंग वाजतं, आणि त्याच्या फोनमध्येही वाजतं. तुळस बाहेर ठेवायला गेले तर ऑफिसातून फोन, “आई, कुठे निघालीस?”

“तुळशीकडे. कळवायचं राहून गेलं.”

रविवारी तो स्वतः उतारावर जातो आणि कुंपणाचे खांब एकेक करून हलवून बघतो. काउंटीच्या कुंपणाची एवढी काळजी काउंटीही घेत नसेल.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

पाऊस. संपूर्ण महिना एकच पाऊस, तोच, न थांबता आणि न पडल्यासारखा. साडेचारलाच काळोख व्हायला लागेल आता. सकाळी सगळे गेले की घरातलं हीटर एकदा धापा टाकतं, मग थांबतं. मी वरून खाली येते, खालून वर जाते. आज कपाटं पुसली. कालही पुसली होती.

नाशिकचा फ्लॅट विकला तेव्हा सही माझीच होती. कोणी हात धरला नव्हता. हे गेल्यावर शैलेंद्र म्हणाला, एकटी कशी राहशील, आणि मी सही केली. ह्यांचं जाणं तरी कसं, सकाळी फिरायला गेले आणि पेठेतल्या रस्त्याकडेला बसले ते बसलेच. दूधवाल्याने ओळखलं म्हणून कळलं. शैलेंद्रला ते मीच फोनवर सांगितलं. तो तिसऱ्या दिवशी पोचला.

असो. ते वेगळं.

रविवार, २३ नोव्हेंबर

आले.

सकाळी पाऊस थांबला होता. कुंपणापाशी गेले तर पाण्यात काहीतरी लाल हललं. आधी वाटलं कुणाचा टॉवेल पडला. मग तो टॉवेल प्रवाहाविरुद्ध पोहायला लागला. हातभर लांब, पाठ पाण्याच्या वर, अंगावर जखमा, शेपटीची लक्तरं झालेली. जिथे माझा पाइप होता तिथून तो असा वर गेला की जणू तिथे कधी काही नव्हतंच.

मग मादी. ती आमच्या उताराच्या खालीच थांबली. आडवी झाली आणि शेपटीने गोटे उडवायला लागली. थांबायची, पुन्हा आडवी. तासाभरात खळगा झाला. तिथे अंडी घातली आणि थोडं वर सरकून तिथले गोटे उडवून अंड्यांवर लोटले. माझी आई परातीत पुरण झाकायची तसं, चारी बाजूंनी बघून बघून.

दुपारपर्यंत मी तिथेच. पलीकडच्या कुंपणाला सरलाबाई आल्या, लेकीला घेऊन. आम्ही दोघी चार महिन्यांनी समोरासमोर, मधे ओढा.

“काहो गडकरबाई, वाळल्यात हो तुम्ही!” त्या ओरडल्या.

“लांबून तसं दिसतं!”

“हे मासे मरतात म्हणे अंडी घालून!”

“लेकरांकडे राहायला जावं लागत नाही मग!”

त्यांची लेक हसायला लागली. सरलाबाई हसल्या नाहीत, त्यांनी पदर तोंडाला लावला. मग ओरडल्या, “चिवडा केलाय! पण फेकू कसा?”

माझ्या पाइपाने इतकी वर्षं ह्या माशांना अडवलं होतं, हे आज डोळ्यांनी दिसलं. मान्य. पण माझं म्हणणं कायम आहे. माशाला वाट द्या, आणि मलाही द्या. मी त्याच्या वाटेवर आडवी पडणार नाही, वरून जाईन.

मंगळवार, २ डिसेंबर

मादी मेली. घरट्याजवळच, काठाला लागली. अंतरा म्हणाली, उचलायची नाही, तिच्यावर बाकीचे जगतात. अंडी फेब्रुवारीत फुटतील, पिल्लं मार्च-एप्रिलमध्ये गोट्यांतून वर येतील.

बरोबर वर्षापूर्वी याच आठवड्यात मी त्या पायवाटेवर पडले होते. बर्फ होतं, मनगट मोडलं. चाळीसएक मिनिटं पडून होते, फोन पिशवीत, पिशवी पलीकडे गडगडलेली. शैलेंद्रला सापडले. त्याने मला उचललं तेव्हा त्याचे दात वाजत होते. स्वेटर घालून बाहेर पडायचं भान नाही या वयातही. मोडलं होतं मनगट, मान नव्हे. सहा आठवड्यांत मी पुन्हा पोळ्या लाटत होते. पण त्यानंतर या घरात बर्फ हा शब्द माझ्यासमोर कुणी उच्चारत नाही.

गुरुवार, २२ जानेवारी २०२६

गडकरांच्याकडे माघी गणपती. दीड दिवसाचा. भाद्रपदातला सगळे बसवतात, त्यात गर्दी; हा आमचा, घरातल्यापुरता. मूर्ती हातानेच करायची, शाडूची. प्लास्टर आमच्या घरात कधी आलं नाही, पर्यावरणाच्या जाहिराती येण्याच्या आधीपासून. यंदा रुहीने उंदीर केला. तो मांजरासारखा झाला, पण कान ठसठशीत आहेत. उकडीऐवजी तिळाचे मोदक.

गेल्या वर्षी विसर्जन बादलीत केलं, डेकवर. सुटलेली माती शैलेंद्रने गुलाबाला घातली. माझा जीव तुटला. घराण्यात दीडशे वर्षं गोदावरीत विसर्जन, आणि शेवटी प्लास्टिकची बादली, जिच्यातल्या पाण्याने आदल्या दिवशी फरशी पुसली.

यंदा ओढा वाहतोय. स्वच्छ, मोकळा, मोरीविना. माझी वाट घेऊन मोकळा झालाय. त्याने एवढं तरी द्यावं.

शुक्रवार, २३ जानेवारी

केलं. दुपारी तीनला, घरात कोणी नसताना. नेत्राचे रबरी बूट घातले, पाटावर मूर्ती. हरणांनी एका ठिकाणी कुंपण वाकवलंय, तिथून गेले. कॅमेऱ्याने टुंग केलं ते करू दे. फोन घरी ठेवला होता.

मादीचं घरटं कुठे आहे ते मला पक्कं माहीत आहे. त्याच्यावर पाय पडू नये म्हणून चांगली वर गेले, पंधरा-वीस पावलं, वरच्या अंगाला. देवाची मूर्ती कुणाच्या बाळंतघराच्या खाली सोडायची नाही, वरून आशीर्वाद जावा, असंही मनात आलं. पाणी घोट्यापर्यंत, इतकं थंड की जणू कुणी चावतंय. तीनदा बुडवली, सोडली. शाडू लगेच विरघळायला लागला. आधी सोंड, मग हात. दुधासारखी एक रेघ पाण्यातून खाली गेली, सुंदर दिसत होती. मी पुढच्या वर्षी लवकर या म्हटलं, आणि पहिल्यांदा वाटलं, या देशात मी काहीतरी माझ्या पायांनी जाऊन केलं. एकदाही पाय घसरला नाही, हे नोंदवून ठेवते.

शैलेंद्र आज ऑफिसातून लवकर आला, बुटांसकट घरात. मी मोदक गरम करत होते. दारात उभा राहिला, बघत राहिला. म्हणाला, “फोन का नाही उचललास?”

“विसर्जनाला फोन नेतात का?”

“पाणी पी,” म्हणाला, आणि ग्लास भरून स्वतःच प्यायला.

रविवार, २५ जानेवारी

हे लिहायला हात होत नाही. तरी क्रमाने.

सकाळी अकराला अंतरा मोजणीला आली. मी वरून हाक मारली, मोदक ठेवलेत म्हणून. तिने वर पाहिलं नाही. घरट्यापाशी वाकली होती, हात पाण्यात, दोन गोटे उचलून बघत होती. मग ओरडली, “काकू, इथे कोणी माती टाकलीये?”

“माती नाही ग. गणपती.”

ती पाण्यातच उभी राहिली. “कसला?”

“माघी. शाडूचा. आम्ही काय प्लास्टरचा आणतो का?”

“प्लास्टरचा असता तर परवडलं असतं, काकू,” म्हणाली, आणि काठावरच्या दगडावर खाली बसली. “तो आख्खा उचलून तरी काढला असता.”

मग सांगितलं. अंडी गोट्यांच्या फटीत असतात. फटींतून पाणी खेळतं त्यावर ती श्वास घेतात. शाडू पिठाहून बारीक. फटींत बसला की पाणी बंद. एवढ्यासाठीच ते गोटे धुऊन आणतात, एवढ्यासाठीच ट्रकभर पैसे घालतात. तिने हे मला ऑगस्टमध्ये सांगितलं होतं, आणि मी सोसायटीच्या पाण्यावर विनोद केला होता.

“मी तर वर सोडला,” मी म्हटलं. “मुद्दाम. घरटं वाचवून.”

“वर सोडला म्हणूनच खाली आला ना.”

शाळकरी पोराला कळेल अशी गोष्ट. नदीकाठी जन्म काढला मी.

“गेली का सगळी?”

“माहीत नाही. वरचा थर मी हलक्या हाताने धुवून बघते. आतलं आत्ता उकरता येत नाही. मोठा पाऊस आला तर थोडं निघेल. एप्रिलमध्ये कळेल.” मग खाली बघून म्हणाली, “मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल, काकू. मी ‘अज्ञात कारण’ लिहू शकते.”

“अज्ञात काय त्यात? नाव लिही. सुमित्रा मोरेश्वर गडकर. आडनावाचं स्पेलिंग मी सांगते.”

तिचे डोळे भरले. मला रडक्या मुली आवडत नाहीत. ती रागाने पाणी उडवत म्हणाली, “तो पूल झाला असता ना, तर तुम्ही कुंपणात शिरलाच नसता! काय गरज होती दादांना नाही म्हणायची?”

“कुठल्या दादांना?”

तिने वर पाहिलं. तिला वाटलं होतं मला माहीत आहे. ऐकणाऱ्याला माहीत नव्हतं, हे आधी सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

“शैलेंद्रदादांना,” ती म्हणाली. “तुमच्याच जागेत यायचा होता पाय. मला नंतर ऑफिसात कळलं.”

त्याच दिवशी, संध्याकाळी

त्याला सरळ विचारलं. नेत्रा आणि रुही जिन्यावर उभ्या. म्हणजे दोघींनाही माहीत होतं.

“हो,” म्हणाला. “मी नाही म्हटलं.”

“मला न विचारता?”

“तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस.”

“मग?”

“मग तू पुन्हा गेली असतीस, आई! बर्फात, पावसात, अंधारात. तुला ती चाळीस मिनिटं आठवत नाहीत. मला आठवतात.”

“मनगट मोडलं होतं.”

“तू निळी पडली होतीस.” मग आवाज एकदम लहान करून म्हणाला, “बाबांचं मला दूधवाल्याकडून कळलं. मला तसं पुन्हा नाही ऐकायचं.”

हे धादांत खोटं. दूधवाल्याने मला सांगितलं, त्याला मी सांगितलं. इतक्या महत्त्वाच्या गोष्टीतही तपशील असा सैल! मी म्हटलं, दूधवाला तुझ्याशी एक अक्षर बोललेला नाही. तो वर निघून गेला.

सहा महिने मी काउंटीला पत्रं लिहिली. आणि रोज रात्री ज्याला पोळी वाढली तोच मालक.

सोमवार, २६ जानेवारी

लिंडक्विस्टकडे जाऊन आले. नेत्राने गाडीतून नेलं, विचारलं नाही कशाला. तिळगूळ दिला. रथसप्तमी काल झाली, पण अमेरिकेत एक दिवसाचा उशीर चालावा. मी त्याला इंग्रजीत सांगितलं, माझा गैरसमज झाला होता, मी दिलगीर आहे. तो म्हणाला, कसला गैरसमज? मी रोज हात करत होतो, तुम्हाला दिसत नसेल असं वाटायचं. मग म्हणाला, पूल झाला असता तर बरं होतं, त्याच्या बाजूचा पाय टाकायला त्याने पहिल्याच दिवशी हो म्हटलं होतं. लायब्ररीत त्यालाही वळसा पडतो.

घरी येताना नेत्रा म्हणाली, “मी त्याला म्हटलं होतं, आईंना सांग.”

“तू का नाही सांगितलंस?”

“तुमच्या दोघांच्या मधे मी कुठल्या बाजूने पडू, आई?”

उत्तर बरं होतं. तिच्या जागी मीही हेच दिलं असतं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

मोठा पाऊस झाला. दोन दिवस ओढा तांबडा होता. आज निवळला. मी कुंपणाच्या अलीकडून बघते, बोटं जाळीत घालून. जाळीचे ठसे तळहातावर उमटतात. गोटे पुन्हा गोट्यांच्या रंगाचे दिसतात, पण आतलं कुणाला दिसतं?

शैलेंद्रशी बोलणं चालू आहे. मीठ दे, दार लाव, एवढं.

शनिवार, ७ मार्च

अंतरा येऊन गेली. लायब्ररीच्या बाजूला, आणखी वर, एक घरटं आहे. तिथून पिल्लं निघायला लागली. नखाएवढी, डोळेच जास्त. तिने फोनवर दाखवलं. आमच्या घरट्याचं अजून काही नाही. उशिराचं घरटं होतं ते, थांबू या, म्हणाली. आमच्या हा शब्द तिचा, माझा नाही.

जाताना म्हणाली, यंदाच्या उन्हाळ्यात पूल घ्यायचा असेल तर मालकाचं होकारपत्र मार्चअखेर ऑफिसात पोचायला हवं. नंतर हे काम बंद, मशीन दुसऱ्या ओढ्यावर. पुन्हा कधी येणार नाही.

ती बोलत असताना शैलेंद्र उताराच्या वर उभा होता. पाण्याकडे बघत होता की माझ्या पायांकडे, कळलं नाही.

रविवार, १५ मार्च, सकाळी दहा

खालील पत्र आज स्वच्छ अक्षरात लिहून त्याच्या लॅपटॉपवर ठेवलं. प्रत इथे उतरवून ठेवते.

श्री. शैलेंद्र मोरेश्वर गडकर यांस,

विषय: लार्चमिल ओढ्यावरील पादचारी पुलास मालक म्हणून आपण दिलेल्या नकाराबाबत.

१४ जुलै २०२५ रोजी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी माझी वाट गेली. ती माशांसाठी गेली, ते योग्य झालं. ती परत मिळणार होती, ती आपल्यामुळे मिळाली नाही. हे आपण मला सांगितलं नाही.

माझ्या बाजूने: मी कुंपण ओलांडून ओढ्यात शाडू सोडला. त्याचं काय झालं हे एप्रिलमध्ये कळेल. माझं नाव मी स्वतः ऑफिसला दिलेलं आहे. आपण आपलं द्यावं.

पूल झाल्यास मी पुढील गोष्टी मान्य करते. बर्फ असेल त्या दिवशी जाणार नाही. फोन पिशवीत नाही, गळ्यात ठेवीन. निघताना कळवीन, पोचल्यावर कळवीन. पडले तर पडले म्हणून कळवीन, आणि ते मीच कळवीन, तिऱ्हाइताकडून आपल्याला कळणार नाही, एवढी व्यवस्था मी करीन. सरलाबाईंना तसं सांगून ठेवते, लिंडक्विस्टनाही.

याहून अधिक हमी माझ्याकडे नाही. आपल्या वडिलांकडेही नव्हती. तरी ते रोज फिरायला जात, आणि त्यांना जाऊ नका असं मी कधी म्हटलं नाही. ते मला जमलं नसतं असं नाही.

कृपया होय किंवा नाही एवढंच लिहावं, आणि खाली सही करावी. स्वयंपाकघरात पाठ करून दिलेलं तोंडी उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही. नेत्रामार्फत पाठवलेलंही नाही.

गुरुवार, १९ मार्च, गुढीपाडवा. सकाळी आठ वाजता मी डेकवर गुढी उभारायला घेईन. काठी उचलायला मला दुसरा माणूस लागतो. आपण यावं, आणि येताना उत्तर लेखी घेऊन यावं. आठच्या आत.

आपली आई,
सुमित्रा मोरेश्वर गडकर